एक किलोच्या आतलं छप्पर

"यंदा तुमी राहू द्या, वहिनी," असं आमच्या ग्रुपचे म्होरके मरोदा तलावाच्या काठावर सगळ्यांच्या देखत मला म्हणाले, तेव्हा माझ्या हातात गरम चहाचा ग्लास होता. तो मी त्यांच्या अंगावर ओतला नाही, याचं श्रेय मी आजही स्वतःला देते.

आमचा ग्रुप म्हणजे रोज सकाळी तलावाच्या कडेनं फिरणारे चौदा जण. बहुतेक स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, बहुतेक भंडारा-गोंदियाकडून बापाच्या किंवा आज्याच्या काळात भिलाईला आलेल्या घरांतले. वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, आम्ही कवर्ध्याच्या पुढं मैकलच्या डोंगरात चालायला जातो. म्होरके प्लांटच्या सेफ्टी खात्यातले. नोकरीत असताना ते शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, शिरले की माणसं हेल्मेटचा पट्टा आधी आवळायची आणि नमस्कार नंतर करायची. रिटायर झाल्यावरही त्यांच्या खिशात छोटी वही असते आणि वहीत आमची सगळ्यांची रक्तदाबाची गोळी लिहिलेली असते.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं. आदल्या वर्षी माथा तासाभरावर राहिला असताना माझ्या गुडघ्यानं दगा दिला. मी एका दगडावर बसले आणि नेमका पाऊस आला. माझ्याजवळ होती एक फुलाफुलांची छत्री. वाऱ्यानं ती पहिल्या फटक्यात उलटी केली. मी इतकी काकडले की माझे दात वाजताना दुसऱ्यांना ऐकू येत होते. मला खाली आणायचं म्हणून चौदाच्या चौदा जण माघारी फिरले. त्या वर्षी कोणीच माथा पाहिला नाही.

"तुमच्यासाठी सगळ्याइले वापस या लागलं," म्होरके म्हणाले. "राग नका मानू. जबाबदारी माही राहते ना."

"राग मी मानून राहिली," मी म्हटलं. "पण राहू देनं जमणार नाही. मले का करा लागते ते सांगा."

त्यांनी वही काढली. नियम त्यांनी आधीच करून ठेवला होता. यंदापासून प्रत्येकानं आपलं स्वतःचं शेल्टर, म्हणजे डोक्यावरचं छप्पर, पाठीवर न्यायचं. वजन एक किलोच्या आत. एकट्या माणसानं पाच मिनिटांत उभं करायचं. वरून पाणी ओतलं तरी आतला माणूस अर्धा तास कोरडा राहिला पाहिजे. निघायच्या आधीच्या रविवारी इथंच, तलावाच्या काठावर, ते स्वतः तपासणार. "नियम सगळ्याइले एकच," ते म्हणाले, पण बोलताना बघत माझ्याकडेच होते. बाकीचेही माझ्याकडेच बघत होते.

हे एवढं मनाला लावून घ्यायचं कारण सांगते. वडील नोकरीत असतानाच वारले, त्यांच्या जागी मी प्लांटमध्ये लागले आणि पुढं क्रेनवर बसले. पस्तीस वर्षं मी शॉपच्या छताखाली, जमिनीपासून चाळीस फूट वरच्या केबिनमध्ये काढली. खाली लाल लोखंड, वर धूळ आणि गरमी. रिटायर झाल्यावर डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणून तलावावर जाऊ लागले आणि ग्रुपच्या नादानं पहिल्यांदा डोंगरात गेले. तिथं पायाखाली माती होती, सालाच्या झाडांची पानं होती, वारा होता, आणि मी वर जात होते ते कोणाचा माल उचलायला नव्हे. आयुष्यात इतका आनंद मला फार कमी वेळा झाला आहे. आता तो गेला तर उरलेली वर्षं तलावाला फेऱ्या मारण्यात जाणार होती. त्याची मला भीती वाटली. आणि मला भीती वाटली की राग येतो, हा माझा जुना स्वभाव आहे.

घरी येऊन सांगितलं तर आमचे हे एकदम खूश झाले. ह्यांची नोकरी भट्टीवर गेली. आता दम लागतो म्हणून डोंगरावर येत नाहीत, पण सामान म्हटलं की अंगात उत्साह संचारतो. "हे माह्या लाइनीचं काम आहे," म्हणाले आणि सायकल काढून खुर्सीपारला गेले. दुपारी आले तेव्हा मागच्या कॅरियरला ट्रकवरची ताडपत्री बांधली होती.

"एक नंबर माल," हे म्हणाले. "वादळ येऊ दे, गारा येऊ दे, काही होत नाही हिले."

मी ती उचलून पाहिली. "काय जी, सात किलो तरी भरन हे."

"मंग? सात किलोले वजन म्हणते का कोणी?"

यात ह्यांचा एकट्याचा दोष नाही. प्लांटच्या माणसाला वजन कळतच नाही. जन्मभर टनांत बोलायचं, आणि उचलायला वर माझ्यासारखी कोणीतरी बसलेली असायची. ताडपत्री दुसऱ्या दिवशी परत गेली. मीच नेऊन दिली, आणि खुर्सीपारपर्यंत कॅरियरवर तिचं वजन मला चांगलंच कळलं.

मग हे चार दिवस मोबाइलमध्ये डोकं घालून बसले आणि एक पार्सल आलं. आत मुठीएवढी गुंडाळी. उलगडली तर माणसाच्या उंचीची चांदीसारखी चकचकीत पिशवी. आत शिरायचं आणि झोपायचं, बस. वजन तर पावशेरही नव्हतं. ह्यांचा चेहरा एकदम फुलला होता.

"ओळखलं का?" हे म्हणाले. "भट्टीवर आमी घालत होतो तो कोट. तेच कापड. पंधराशे डिग्रीच्या लोखंडापाशी उभा राह्यलो मी हे घालून. तिथं याच्यानं आग रोखली, इथं थंडी अन् पाऊस रोखनार नाही का?"

बोलणं पटण्यासारखं होतं. पण क्रेनवर बसलं की पहिलं काम म्हणजे ब्रेक तपासणं. आधी रिकामी क्रेन चालवायची, मग थोडा माल उचलून थांबायचं, तो सरकत नाही ना बघायचं, आणि मगच पुढं जायचं. पस्तीस वर्षांत मी ही तपासणी एकदाही चुकवली नाही. म्हणून रविवारी सकाळी क्वार्टरच्या अंगणात मी त्या पिशवीत शिरले आणि ह्यांना सांगितलं, बागेचा पाइप लावा आणि अर्धा तास माझ्यावर पाणी मारा.

ह्यांनी ते काम जरा जास्तच मन लावून केलं. शेजारच्या क्वार्टरमधली बाई कुंपणावर हात टेकवून बघत उभी राहिली. आत मी काय सोसत होते ते तिला काय दिसणार! जरा हललं तरी कानाशी कुरकुर कुरकुर. दहा मिनिटांत कपाळ ओलं झालं, वीस मिनिटांत पाठ. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा ब्लाउज पिळून काढावा इतका भिजला होता, आणि सकाळच्या गार वाऱ्यात मी कुडकुडू लागले.

"फुटली असन कुठंतरी," म्हणून हे पिशवीत तोंड घालून छिद्र शोधू लागले.

"छिद्र नाही तिले," मी ओरडले. "हा पाऊस माह्याच अंगातला आहे!"

हे पायरीवर बसले. पिशवीची आतली बाजू बोटानं पुसून पाहिली. मग म्हणाले, "बराबर आहे. भट्टीपाशी पाच मिनिट घालायचा तो कोट, अन् बाहेर येऊन काढून फेकायचा. त्यात रात्र काढली नाही कोणी. अन् तिथं आग बाहेर राहते. इथं आग म्हनजे तूच."

माणूस हट्टी आहे, पण चूक कळली की कबूल करतो. म्हणून तर चाळीस वर्षं टिकलो. त्यांनी कात्री आणली, पिशवी एका बाजूनं उभी कापली आणि तिची चादर केली. "हे खाली अंथर, नाहीतर अंगावर घे. बंद नको करू कधी," म्हणाले. छपराचा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि हातात दोन आठवडे उरले होते.

मी ठरवलं, आता आपणच जायचं. बसनं रायपूरला निघाले. कुम्हारीपर्यंत उभीच होते, तिथं फॅक्टरीवाले उतरले तेव्हा जागा मिळाली, आणि बसल्या बसल्या मी मनाशी नीट विचार केला. मला गुडघा दुखला की जागच्या जागी बसता आलं पाहिजे, म्हणजे जिथं झाड नाही तिथंही उभं राहील असं हवं. मला वारा आत खेळता हवा, नाहीतर पुन्हा आपल्याच घामात अंघोळ. आणि मी एकटी मागं पडलेली असेन, म्हणजे मी दुसऱ्यांना दिसले पाहिजे.

दुकानदार चांगला होता, पण त्याला माझं वय दिसत होतं. नातवासाठी घेताय का, असं विचारलं. मी म्हटलं, स्वतःसाठी. त्यानं दांड्यांचे तंबू दाखवले, ते किलोच्या वर गेले. मग त्यानं पातळ नायलॉनची एक चौकोनी चादर काढली. कडांना कापडाचे फास, सोबत बारीक दोरी आणि सहा खुंट्या. घडी घातली की टिफिनच्या डब्याएवढी. वजनकाट्यावर ठेवली, सगळं मिळून सातशे ग्रॅम. तीन बाजूंनी उतरवून चौथी उघडी ठेवली की हवा खेळती. मधे आधाराला माझी चालायची काठी पुरणार होती. माझं मन तिथंच बसलं.

"मेहंदी कलर लो आंटी," तो म्हणाला. "जंगल में सब यही लेते हैं. मॅच होता है."

"मॅचच तर नाही होने देना है," मी म्हटलं. पस्तीस वर्षं वरून खाली बघितलेली बाई आहे मी. चाळीस फुटांवरून कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मळक्या शर्टाचा माणूस धुळीत असा विरून जातो की काळजात धस्स होतं. नारिंगी जॅकेटवाला धुरातूनही दिसतो. मी नारिंगी मागितली. त्याच्याकडे एकच होती, कपाटाच्या तळाशी, कोणी घेत नाही म्हणून पडलेली. मी ती दुकानाबाहेरच्या फुटपाथवर पूर्ण उलगडून, दोन्ही बाजूंनी उन्हात धरून, एकेक फास ओढून बघितली. लोक वाट वाकडी करून जात होते. दुकानदार काही बोलला नाही, आणि बोलला असता तर ऐकून घेतलं असतं असंही नाही.

पहिल्या दिवशी अंगणात ती उभी करायला मला अकरा मिनिटं लागली. हे हातात घड्याळ घेऊन बसले होते आणि दर मिनिटाला मोठ्यानं ओरडून सांगत होते, ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी वारा होता, चादर सगळी डोक्यावरून उडून पपईच्या झाडावर गेली. त्यातून कळलं की आधी वाऱ्याकडची कड जमिनीला ठोकायची, बाकीचं नंतर. दोऱ्या मी आधी आडव्या, ताणून सपाट बांधत होते. मग एकदम लक्षात आलं की हे आपल्याला माहीत आहे. क्रेनच्या साखळ्या जितक्या आडव्या फाकतील तितका त्यांच्यावर ताण जास्त. मी काठी उंच केली, दोऱ्यांना उतार दिला आणि कापड जागच्या जागी घट्ट बसलं. त्या दिवशी सहा मिनिटं. मी अंगणात एकटीच हसले.

"आता पाइप लावा," मी ह्यांना सांगितलं.

अर्धा तास पाणी मारलं. माझी साडी कोरडी. मग मी ह्यांनाच आत बसवलं आणि पाइप हातात घेतला. तो अर्धा तास मीही मन लावून काम केलं.

तपासणीच्या रविवारी तलावावरून चांगला झोंबरा वारा सुटला होता. बाकीच्यांचं आधी झालं. एकाची दांडी मोडली, त्याला दुसरी आणायला सांगितलं. एका काकूंच्या गाठोड्याचं वजन किलोच्या वर गेलं, त्यांनी आतली उशी काढून टाकली. शेवटी मी. म्होरक्यांनी घड्याळ लावलं. मी वाऱ्याकडे पाठ केली, पहिली खुंटी ठोकली आणि त्यानंतर मला कोणी दिसलं नाही. चार मिनिटं आणि थोडे सेकंद. मी आत जाऊन बसले. त्यांनी स्वतः दोन बादल्या ओतल्या, मग आणखी दोन. अर्धा तास ते भोवती फिरत होते, एकेक गाठ ओढून बघत होते. एकही हलली नाही.

"रंग लय भडक आहे, वहिनी," एवढंच त्यांना शेवटी सापडलं.

"वहीत तसा नियम आहे का, भाऊ?"

नव्हता. त्यांनी लिहिलं, पास. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या उशीवाल्या काकू सगळ्यांत पुढं होत्या. मी घरापर्यंत चालत आले, पण मला आठवतं ते असं की मी रस्त्याच्या चार बोटं वरून येत होते.

त्याच आठवड्यात आम्ही डोंगरात गेलो. म्होरक्यांची एक चांगली रीत आहे. ते नेहमी सगळ्यांत मागं, सगळ्यांत हळू चालणाऱ्याबरोबर चालतात. म्हणजे माझ्याबरोबर. चढताना त्यांनी एकदाही घाई केली नाही. मी शंभर पावलं चालायची, थांबायची, पुन्हा शंभर. त्यांच्या पाठीवर त्यांच्या शेल्टरची हिरवी पिशवी होती, चांगल्या परदेशी कंपनीची, मुलानं पाठवलेली. तिच्याविषयी त्यांनी मला दोनदा सांगितलं. दुपारी बाराच्या सुमाराला चढ संपला आणि समोर आभाळाशिवाय काही उरलं नाही. मी माथ्यावर होते. बाकीचे डबे उघडून बसले होते, त्यांनी मला बघून आरोळी ठोकली. मी माथ्यावरच्या दगडाला हात लावला, वाकून माती कपाळाला लावली आणि धाय मोकलून रडले. दुःख कसलंच नव्हतं. एवढी वर्षं वर होते, पण कधी पोचले नव्हते, असं काहीतरी मनात आलं होतं.

उतरताना ढग खाली आले. आधी समोरची डोंगररांग गेली, मग पुढं चालणारे बारा जण गेले, मग पाऊस. उतारावर मला आधार द्यायला म्होरके दोन पावलं पुढं चालत होते. ते म्हणाले, "दम्मानं या, दगड ओले आहे," आणि हे सांगायला मागं वळले तिथंच त्यांचा पाय सटकला. ते पाच-सहा फूट घसरत गेले आणि एका मोठ्या दगडाला अडकले. मी बसत बसत, दोन्ही हात टेकवत त्यांच्यापर्यंत गेले. घोटा बघता बघता सुजत होता. ते पाय टेकवायला गेले आणि त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मोबाइलला रेंज नाही. मी हाका मारल्या, त्या धुक्यात कुठं गेल्या कोण जाणे.

"माहं काढा," ते म्हणाले. "माह्या पाठीवरचं. ते मोठं आहे."

मी हिरवी पिशवी काढली. तिच्यावर दुकानातली प्लॅस्टिकची पट्टी जशीच्या तशी होती. दातांनी तोडली. आत हिरवं कापड, एक जाड पुस्तिका आणि दांड्यांची रिकामी खोळ. दांड्या नव्हत्या. त्या वेगळ्या घ्यायच्या असतात, असं त्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

ते त्या खोळीकडे बघत राहिले. पावसाचं पाणी त्यांच्या नाकावरून गळत होतं.

"मी उघडलंच नाही हे कधी," ते हळूच म्हणाले. "सगळ्याइचं तपासलं. माहं कोनी तपासलंच नाही."

खरं होतं. चाळीस वर्षं या माणसानं दुसऱ्यांचे पट्टे, दुसऱ्यांचे दोर, दुसऱ्यांचे बूट तपासले. तपासणाऱ्याला तपासायचं प्लांटमध्ये कोणाच्या डोक्यात येत नाही, आमच्या ग्रुपमध्ये तरी कुठून येणार? आम्ही तेरा जण तिथं उभे होतो त्या रविवारी. एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मला, एवढ्या तोंडाच्या बाईलाही नाही.

कबूल करते, त्या क्षणी माझ्या आत काहीतरी टुणकन उडालं. आनंदच होता तो. लाज वाटली, पण होता. तोंडापर्यंत एक वाक्य आलंही होतं. मग त्यांचा जबडा थडथडताना दिसला आणि ते वाक्य जिथल्या तिथं विरलं.

"आता बोलू नका, भाऊ," मी म्हटलं. "हात वर करा."

मी ह्यांची चांदीची चादर त्यांच्या खांद्यांभोवती गुंडाळली, समोरून मोकळी ठेवून. त्यांची हिरवी पिशवी आणि माझी सॅक त्यांच्याखाली सरकवली, म्हणजे ओली जमीन अंगाला लागणार नाही. मग मी वाऱ्याकडे पाठ केली. जमीन खडकाळ होती, दोन खुंट्या शिरेनात, तिथं दोरीला दगड बांधून दगडावर दगड ठेवले. काठी मधे उभी केली. आत सरकून त्यांच्या शेजारी बसले तेव्हा डोक्यावर पाऊस वाजत होता आणि आमच्यावर एक थेंब पडत नव्हता. नारिंगी कापडातून आलेल्या उजेडानं त्यांचा पांढरा पडलेला चेहरासुद्धा जरा बरा दिसत होता. मी त्यांना थर्मासमधला चहा पाजला. हळूहळू त्यांची थरथर थांबली.  एकदा त्यांनी छपराला आतून बोट लावून बघितलं आणि मान हलवली.

तास दीड तास गेला असेल. पाऊस ओसरला आणि खालून आवाज आला, "ते पहा! ते नारिंगी!" बारा जण खाली नाल्यापाशी थांबून, आमची वाट बघून, पुन्हा वर निघाले होते. धुक्यात त्यांना दगड दिसत नव्हते, झाडं दिसत नव्हती, माणूस तर दिसणारच नव्हता. आमचं छप्पर दिसलं.

आमच्यातले दोघं धडधाकट पळत खालच्या टोल्यावर, तिथल्या छोट्या वस्तीवर, गेले आणि चार गडी अन् खाट घेऊन परत आले. त्यांनी म्होरक्यांना खाटेवर निजवलं. त्यांची वाट सरळ कड्यावरून उतरणारी होती, आमच्यासारख्यांच्या पायांना न झेपणारी. आम्हाला आल्या वाटेनंच जावं लागणार होतं, आणि धुकं पुन्हा दाटत होतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. कारण एवढी वर्षं मागून हाक देऊन वाट सांगायचे ते म्होरकेच, आणि आता वर येतानाच हे बारा जण दोनदा चुकले होते.

खाट उचलली गेली होती. त्यांनी ती थांबवायला लावली आणि कोपरावर टेकून उठले.

"वहिनी पुढं चालतीन," ते म्हणाले. आवाज सेफ्टी खात्यातलाच होता, त्यात दुखणं अजिबात नव्हतं. "त्या हळू चालते, म्हणून वाटेचा दगडन् दगड त्याइनं पाह्यला आहे. अन् धुक्यात सगळ्यात हळू माणूस पुढंच पाह्यजे, तवाच कोनी मागं सुटत नाही. त्याइच्या पुढं एकानंही जायचं नाही. समजलं?"

 मी छप्पर उतरवलं, घडी घातली, सॅक पाठीवर चढवली आणि पुढं झाले. वाट मला खरंच पाठ होती. वाकडं सालाचं झाड, मग पांढऱ्या दगडांची ओळ, मग डावीकडं उतार. मी माझ्या चालीनं चालले, शंभर पावलं आणि थांबा, आणि माझ्यामागं बारा जण शंभर पावलं चालत होते आणि थांबत होते. ज्यांचे पाय माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरुण, तेसुद्धा. कोणी सुस्कारा टाकला नाही. गुडघा दुखत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. एवढ्या अभिमानानं मी कधीच चालले नव्हते, नोकरी लागली त्या दिवशीसुद्धा नाही.

नाला ओलांडला, रस्त्यावरची आमची गाडी दिसली. खाट आधीच पोचली होती. मी गाडीच्या दारात उभी राहिले आणि एकेकाला हात लावून आत चढवत मोजलं. बारा. आत सीटवर पाय लांब करून पडलेले ते एक. मग मी चढले.

"पूरे?" ड्रायव्हरनं विचारलं.

"चौदा," मी म्हटलं. "चला."